जास्तीचे पऱ्हे

बालाघाटजवळच्या भरवेलीला जमिनीखाली मँगनीजची खाण आहे, आणि खाणीच्या वस्तीत फुटबॉलवर जीव टाकणारी पोरं आहेत. ही गोष्ट त्यांच्यातल्याच एका संघाची. कागदावर संघ सतरा जणांचा होता, पण मैदानात वर्षभर तेच अकरा दिसायचे. उरलेले सहा पाण्याच्या बाटल्या भरायचे, नाल्यात गेलेला चेंडू काढून आणायचे आणि सामना जिंकला की फोटोत कडेला उभे राहायचे.

संघ चालवायचे काकाजी. खाणीतल्या पाळ्या करून निवृत्त झालेला माणूस. पोरांना ते नावाने हाक मारत नसत. ज्याच्या पाठीवर जो आकडा, तेच त्याचं नाव. नऊ नंबर हा संघाचा स्ट्रायकर होता. पायात चेंडू आला की लोक उभे राहायचे, असा. सतरा नंबर यादीतला शेवटचा. अंगाने बारीक, धावायला चपळ, बोलायला लाजरा.

2023 च्या पावसाळ्यात बालाघाटला एक नॉकआउट स्पर्धा झाली. अंतिम फेरीपर्यंत जायचं तर नऊ दिवसांत पाच सामने. काकाजींनी प्रत्येक सामन्यात तेच अकरा उतरवले. जिंकणारा संघ मोडायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं आणि खरंही मानलं होतं. पहिले तीन सामने तसं चाललंसुद्धा. नऊ नंबरने पाच गोल केले. वस्तीत त्याच्या नावाने फटाके वाजले.

उपांत्य सामन्यात चाळिसाव्या मिनिटाला नऊ नंबर पळता पळता थांबला आणि मांडीची मागची बाजू धरून खाली बसला. काकाजींनी मागे वळून पाहिलं. बाकावर सतरा नंबर होता. स्पर्धेत तो तोवर एक मिनिटही खेळला नव्हता. आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याकडे दोनदा चेंडू आला, दोन्ही वेळा त्याने तो सरळ समोरच्या संघाला दिला. साठाव्या मिनिटानंतर बाकीच्यांचेही पाय संपले. बॅक चेंडूकडे चालत जाऊ लागले. सामना 0–3 असा हरला.

परतताना टेम्पोत एकच बोलणं होतं. “सतरानं घालवली मॅच.” दुकानापाशी तेच, हापशीपाशी तेच. काकाजींनी सगळं ऐकलं. त्यांनी कुणाला अडवलं नाही, आणि माझ्या मते त्या दिवशी त्यांच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच होती. पराभवाला एक चेहरा मिळाला की लोकांचं समाधान होतं आणि खरं कारण तसंच पडून राहतं. पुढच्या आठवड्यापासून सतरा नंबर सरावाला यायचा बंद झाला.

जवळजवळ वर्ष गेलं. जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पर्धेची तारीख लागली तेव्हा काकाजी सायकल काढून त्या पोराच्या आजीच्या गावी गेले. वैनगंगेच्या काठचं गाव. पाऊस बरा झाला होता आणि सगळीकडे रोवणी चालू होती. बालाघाट हा भाताचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. रोवणीच्या दिवसांत इथे माणूस घरी सापडत नाही, बांदीत, म्हणजे भाताच्या शेतातच, शोधावा लागतो.

सतरा नंबर गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होता. काकाजींना पाहून तो सरळ झाला, पण पुढे आला नाही. धुऱ्यावर बसलेली आजीच बोलली.

“पोराले न्याले आलात का जी?”

“हो माय.”

“तो नाही येनार. मागच्या साली त्याले लय बोलले लोक.”

काकाजी धुऱ्यावर टेकले. बोलायला काही सुचेना म्हणून त्यांनी समोर पाहिलं. बांदीच्या कोपऱ्यात रोपांचा एक दाट पट्टा तसाच उभा होता, उंच वाढलेला आणि पिवळा पडलेला.

“हे असं का सोडलं माय?”

“जास्तीचे पऱ्हे होत ते. दरसाल थोडे जास्तीचे टाकावंच लागते. रोवलेलं सगळं जगत नाही ना जी. कुठं खेकडा कापते, कुठं पानी साचून सडते. त्या जागी लावाले घरचं रोप पाह्यजे.”

“मग पिवळं काऊन पडलं?”

“वेळेवर काढलं नाही. वीस-पंचवीस दिवसांत ते चिखलात गेलं पाह्यजे. वाफ्यातच दाटीनं उभं ठेवलं त म्हातारं होते. मंग लावलं तरी फुटवे येत नाही.” आजीने नातवाकडे पाहिलं. “आन् लोक म्हनतात, रोपच खराब होतं.”

काकाजी बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरून सतरा नंबरच्या शेजारी उभे राहिले. “चूक माझी होती,” ते म्हणाले. “तुले मी तयारच केलं नाही आन् आगीत ढकललं. उद्या सकाळी पाच वाजता येजो. पहिली मॅच तू खेळशील. पुरी.”

पोराने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काकाजींना कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो मैदानावर होता.

त्या दिवसापासून काकाजींनी एक वही केली. कोण किती मिनिटं खेळला, हे ते त्यात लिहू लागले. आधी मागच्या वर्षीचा हिशेब आठवून लिहिला, आणि तो पाहून त्यांनाच कसंसं झालं. अकरा जणांच्या नावापुढे दोनशे सत्तरच्या वर मिनिटं, सहा जणांच्या नावापुढे जवळजवळ शून्य. नव्वद मिनिटांच्या सामन्यात फुटबॉलपटू साधारण दहा किलोमीटर पळतो, त्यातही सारखं थांबणं, वळणं आणि झेपावणं. त्या श्रमातून स्नायू सावरायला आणि त्यांत खर्च झालेली साखर भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. ते न देता पुन्हा पळवलं तर सगळ्यात आधी तुटते ती मांडीची मागची नस, आणि तीही सगळ्यात वेगाने पळणाऱ्याची. नऊ नंबरचं नशीब वाईट नव्हतं. त्याला विश्रांती मिळाली नव्हती, एवढंच.

एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना मैदानाच्या कडेला बसवलं.

“नऊ, बिपिन सिंग कोन?”

नऊ नंबरला हे तोंडपाठ होतं. “मुंबई सिटीचा विंगर जी. मणिपूरचा. 2021 च्या फायनलचा गोल त्याचाच.”

बरोबर होतं. 13 मार्च 2021, मडगावचं फातोर्डा मैदान. एटीके मोहन बागानविरुद्ध 1–1 अशी बरोबरी, नव्वदावं मिनिट, आणि बिपिनचा गोल. मुंबई सिटी पहिल्यांदा इंडियन सुपर लीगचा विजेता झाला तो त्या गोलावर. ज्याच्या पायाने करंडक घरी आला त्याची पुढच्या संघात जागा पक्की, असं कुणीही म्हणेल.

“मग 4 मे 2024 ले तो कुठं होता?”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. ती अंतिम लढत दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी मोबाइलवर डोकी भिडवून पाहिली होती. कोलकात्याचं सॉल्ट लेक मैदान, समोर पुन्हा मोहन बागान. सामना सुरू झाला तेव्हा बिपिन बाकावर होता.

त्या सामन्याआधीचे दिवस काकाजींनी बोटांवर मोजून दाखवले. 15 एप्रिलला याच सॉल्ट लेकवर मुंबई सिटी 1–2 हरला आणि साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची ढाल मोहन बागानकडे गेली. 24 एप्रिलला गोव्यात उपांत्य फेरीचा पहिला सामना. नव्वदाव्या मिनिटापर्यंत एफसी गोवा 2–0 पुढे, आणि तिथून शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल करून मुंबईने तो 3–2 जिंकला. 29 एप्रिलला मुंबईत परतीचा सामना, 2–0. आणि 4 मेला पुन्हा कोलकाता. वीस दिवसांत चार मोठे सामने, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास, आणि वर एप्रिल-मेचा उकाडा. अकरा माणसांच्या जिवावर हे होत नाही.

अंतिम सामन्यात पहिला गोल मोहन बागानचा झाला, मध्यंतराच्या जरा आधी. त्रेपन्नाव्या मिनिटाला पेरेरा दियाझने बरोबरी केली. मग प्रशिक्षक पेटर क्रॅट्की यांनी बाकावरची माणसं आत घातली. एक्याऐंशीव्या मिनिटाला बिपिनचा गोल. भरपाईच्या वेळेत याकुब वोय्तुशचा तिसरा. तोही बाकावरूनच आलेला. 3–1.

“बसवलं म्हनून बिपिन संपला नाही,” काकाजी म्हणाले. “आन् त्याले अचानक उचलून आतही टाकलं नाही. हंगामभर तो मधून मधून खेळत होता. पाय चालू होते त्याचे.”

माझ्या मते सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. मोठ्या क्लबकडे पैसा असतो, म्हणून त्यांच्याकडे पंचवीस खेळाडू असतात, हे वरवरचं झालं. पंचवीस माणसं गोळा करता येतात. अवघड असतं ते पंचविसांना खेळतं ठेवणं. मँचेस्टर युनायटेडची 1999 ची बार्सिलोनातली अंतिम लढत सगळ्यांना माहीत आहे. कीन आणि स्कोल्स हे मधल्या फळीचे दोन खांब बंदीमुळे बाहेर. बायर्न म्युनिक नव्वद मिनिटं 1–0 पुढे. आणि भरपाईच्या वेळेत शेरिंगहॅम आणि सोल्स्कियर या दोन बदली खेळाडूंनी दोन गोल केले. लोक त्याला चमत्कार म्हणतात. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत सोल्स्कियर नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी आत आला होता आणि त्याने चार गोल केले होते. साध्या, विसरून जाण्यासारख्या सामन्यांत प्रशिक्षक फर्ग्युसन त्याला खेळवत राहिले. बार्सिलोनातल्या त्या रात्रीची तयारी अशी आधीपासून चालू होती.

खेळाच्या नियमांनाही हे उमगायला वेळ लागला. इंग्लंडच्या लीगमध्ये 1965 पर्यंत बदली खेळाडू नव्हताच. कुणाचा पाय मोडला तर दहा जणांनी खेळायचं. विश्वचषकात बदली खेळाडूंना 1970 मध्ये परवानगी मिळाली. एका सामन्यात पाच बदल करायची मुभा 2020 मध्ये करोनाकाळात तात्पुरती आली आणि 2022 मध्ये कायम झाली. पाच म्हणजे मैदानावरचे जवळजवळ निम्मे खेळाडू. आता बाकावर कोण बसलंय हे न पाहता संघ निवडणारा प्रशिक्षक अर्धाच संघ निवडतो.

त्याच संध्याकाळी काकाजींनी आपल्या संघाचा नियम सांगितला. सलग दोन पूर्ण सामने खेळला की तिसऱ्याला बसायचं किंवा अर्धाच खेळायचं. गोलकीपर सोडून सगळ्यांना लागू.

वस्तीत बोंब झाली. जर्सी देणारा दुकानदार म्हणाला, “नऊले बसवणार असाल त पुढच्या साली जर्सी दुसऱ्याकडून घ्या.” नऊ नंबरचे वडील रात्री घरी आले. “माझ्या पोरानं काय बिघडवलं जी तुमचं?” काकाजींनी त्यांच्यासमोर वही उघडून ठेवली. “मागच्या साली तीन पुऱ्या मॅचा आन् वर चाळीस मिनिटं, तीही सात दिवसांत. त्याची नस माझ्या हातानं तुटली. यंदा तुटू देनार नाही.” वडील उठून गेले. पटल्याचं काही बोलले नाहीत.

नऊ नंबरचा राग तर दिसतच होता. त्याची पाळी आली त्या दिवशी तो बुटांच्या नाड्या न बांधताच एकटा लांब बसला. वीस वर्षांच्या पोराला बाकावर बसणं म्हणजे शिक्षाच वाटणार. घरादारापासून शाळेपर्यंत सगळ्यांनी त्याला तेच शिकवलेलं असतं.

आणि त्याच दिवशी काकाजी चुकलेही. उत्साहाच्या भरात त्यांनी एका दमात सहा जण बदलले, त्यात मधले दोन्ही बॅक. त्यांच्या जागी आलेले दोघे शेजारी कधी खेळले नव्हते. तू घे, तू घे, करता करता दहाव्याच मिनिटाला गोल खाल्ला. कसाबसा बरोबरीत सुटलेला सामना पेनल्टींवर जिंकला. त्यात एक पेनल्टी सतराने मारली, खांबाला लागून आत गेली. लोकांनी काकाजींना नको नको ते ऐकवलं, आणि त्यातलं थोडं रास्तच होतं. खेळाडू फिरते ठेवायला किंमत मोजावी लागते. एकमेकांची सवय मोडते, लय तुटते. ते मान्य न करता जो केवळ रोटेशनचे गोडवे गातो, त्याने संघ चालवलेला नाही. काकाजींनी त्या रात्री वहीत नवी ओळ घातली: गोलकीपर, एक मधला बॅक आणि मधल्या फळीतला एक, हा कणा शक्यतो हलवायचा नाही, बाकी दोन-तीन जण बदलायचे. सरावातही त्यांनी जोड्या बदलून खेळवायला सुरुवात केली, म्हणजे कुणीही कुणाच्या शेजारी उभा राहिला तरी हाक ओळखीची असावी.

पुढच्या सामन्याच्या दिवशी सकाळी दोन नंबर, सहा नंबर आणि अकरा नंबर आलेच नाहीत. त्यांच्या गावांत मागास रोवणी सुरू झाली होती आणि घरची माणसं कमी होती. भाताच्या मुलखात हे दरवर्षीचं. मागच्या वर्षी असं झालं असतं तर काकाजींनी मोटारसायकल पाठवून पोरांना बांदीतून उचलून आणलं असतं, आणि दिवसभर कंबर मोडून वाकलेली पोरं मैदानावर उभी केली असती. यंदा त्यांनी फक्त वही पाहिली आणि तीन आकडे सांगितले. ते तिघे बूट बांधूनच बसले होते. समोरचा संघ मात्र दहा जणांनिशी उतरला. त्यांचीही पोरं रोवणीतच होती. तो सामना भरवेलीने आरामात जिंकला, आणि लोकांची कुजबुज थोडी कमी झाली. उपांत्य सामन्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. नऊ नंबर ताजा होता, त्याने दोन गोल केले.

अंतिम सामन्याला पाऊस धरून होता. मैदानाच्या एका अंगाला घोटाभर पाणी. नऊ नंबरने विसाव्या मिनिटाला गोल केला, मध्यंतरानंतर समोरच्यांनी बरोबरी केली. मग सामना चिखलात रुतल्यासारखा झाला. चेंडू जातो तिथेच थांबतो, आणि दोन्हीकडची पोरं धापा टाकतायत.

पासष्टाव्या मिनिटाच्या सुमाराला नऊ नंबरला मांडीच्या मागे ओळखीची एक बारीक ओढ जाणवली. मागच्या वर्षीही ती त्याला आधी जाणवली होती, नस तुटण्याच्या कितीतरी आधी. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून तरी काय. त्याच्या मागे येणारं कुणी नाही, असं तेव्हा त्याला वाटत होतं, आणि सगळ्या वस्तीलाही तसंच वाटत होतं. या वेळी त्याने बाकाकडे पाहिलं. सतरा नंबर उभा राहून अंग गरम करत होता. कुणी सांगितलेलं नसताना.

नऊने हात वर केला आणि दोन बोटं गोल फिरवली. मला बदला.

लोकांना वाटलं, काकाजींनीच त्याला बाहेर बोलावलं. मागून शिव्या आल्या. नऊ लंगडत कडेला आला, पण सरळ बाकाकडे गेला नाही. सतराच्या मानेला हात घालून त्याने त्याला खाली वाकवलं. “त्यांचा डावा बॅक दमला बे. वळता येत नाही त्याले. चेंडू पायात नको मागू, त्याच्या मागं मागजो.” मग तो बसला आणि गुडघ्यांवर हात दाबून ओरडत राहिला. त्या दिवशी त्याच्याइतकं मैदानाबाहेर कुणी ओरडलं नसेल.

सतराने पहिली संधी घालवली. गोलकीपर समोर, चेंडू पायात, आणि फटका बारवरून. मागच्या वर्षी एवढ्यावर त्याचे पाय गळाले असते. यंदा त्याच्या पोटात त्या स्पर्धेतली बरीच मिनिटं होती, खांबाला लागून आत गेलेली पेनल्टी होती, आणि चुकल्यावर दुसरा चेंडू येतो हे त्याला माहीत झालं होतं. पुढचा आला तो डाव्या बॅकच्या मागे. तो पळाला, अंगावर आलेल्या बॅकच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला. कॉर्नर. कॉर्नरवर डोकं लावलं दोन नंबरने, जो त्या दिवशी दुपारपर्यंत घरची रोवणी उरकून आला होता आणि शेवटची पंधरा मिनिटंच खेळत होता. 2–1. पुढची काही मिनिटं चेंडू चिखलातून कसाबसा बाहेर काढत राहिले आणि शिट्टी झाली.

आठवड्याने नऊ नंबर मांडीला पट्टी बांधून मैदानावर आला. डॉक्टरांनी पंधरा दिवस पळायला मना केलं होतं. सोबत एक सोळा-सतरा वर्षांचा काळासावळा पोरगा होता, अनवाणी.

“काकाजी, याले पाहा जी. बैहरकडचा आहे, इथं मामाकडं राहते. काल गल्लीत खेळताना पाह्यलं. दोन्ही पायांनी मारते.”

“कुठं खेळते हा?”

“नऊवरच जी.”

काकाजींनी नऊकडे पाहिलं. नऊने नजर चुकवली नाही. काकाजींनी खिशातून वही काढली, अठरावा आकडा लिहिला आणि नव्या पोराला विचारलं, “घरची रोवनी झाली का गा? झाली असल त उद्या पाचले येजो.”